खेळातलं लग्न

2018 च्या डिसेंबरात थोरलीचा पाय मोडला आणि ती बेंगळुरूहून सहा आठवड्यांसाठी बेळगावला घरी आली. ऑफिसच्या जिन्यावरून घसरली होती. प्लास्टर गुडघ्यापर्यंत. बॅगेत कपडे चार आणि बाकी सगळ्या वायरी. हॉलमधल्या टीव्हीला तिनं तिचं प्लेस्टेशन जोडलं, पाय स्टुलावर ठेवला आणि जाहीर केलं, "आई, आता ही माझी जागा. तुझ्या मालिका आतल्या खोलीत."

आतल्या खोलीत टीव्हीच नाही. मग मी तिच्या शेजारीच बसायला लागले. मांडीवर ताट, ताटात मटार नाहीतर गवार. सोलता-मोडता अधूनमधून मान वर करून बघायचं. असं करता करता मान वरच राहायला लागली. आमच्याकडे दिवे लागायच्या आत जेवणं होतात, त्यानंतर थंडीतली संध्याकाळ लांबच लांब असते. ती सगळी त्या खेळात जाऊ लागली.

खेळाचं नाव 'असॅसिन्स क्रीड ओडिसी'. गोष्ट जुन्या ग्रीसमधली, अथेन्स आणि स्पार्टाच्या युद्धाची, इसवी सनापूर्वी 431 सालची. मला सालं जुळवायची खोड आहे. महावीरांचं निर्वाण आपण इ. स. पू. 527 धरतो, म्हणजे त्यानंतरची 96 वर्षं. लेकीला हे सांगितलं तर म्हणाली, "छान, पण आता जरा गप्प बस, माझ्यामागं अस्वल लागलंय."

हा एकटीनं खेळायचा खेळ. समोर दुसरं कुणी नसतं. सुरुवातीलाच विचारतात, भाऊ होणार की बहीण? अलेक्सिओस की कसांड्रा? थोरलीनं कसांड्रा घेतली. कसांड्रा स्पार्टाच्या राजा लिओनिडासची नात, लहानपणी डोंगरावरून खाली पडलेली, जगलेली, एका बेटावर वाढलेली, आता पैसे घेऊन लढणारी. दंड असे की आमच्या भागातल्या तालमीतल्या पोरांनी लाजावं. ती माणसं मारत सुटायची, आणि खरं सांगते, त्याचं मला फारसं काही वाटत नसे. सैनिकच आहेत, मरणारच. पण एकदा लेकीनं चामडं हवं म्हणून हरणावर बाण सोडला तेव्हा मी ताट बाजूला ठेवलं. "ते कशाला मारतीस? त्यानं काय केलंय तुझं?" ती हसली. "मगाशी अकरा माणसं मारली तेव्हा मटार सोलत होतीस की!" यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. अजून नाही. पण त्यानंतर माझ्यासमोर तरी तिनं हरीण मारलं नाही. चामडं बाजारातून विकत घ्यायची. म्हटलं, खेळात का होईना, लेकीनं ऐकलं.

त्या खेळात माणसं भेटतात, बोलतात, आणि आपण काय उत्तर द्यायचं ते खालच्या ओळींतून निवडायचं असतं. कधी कधी एखाद्या उत्तराशेजारी हृदयाचं छोटं चिन्ह येतं. ते उत्तर निवडलं की बोलण्याला प्रेमाचं वळण लागतं. नाही निवडलं की गोष्ट तशीच पुढं जाते, कुणी रुसत नाही. हे हृदय पुरुषांशी बोलतानाही येतं आणि बायकांशी बोलतानाही. तुम्ही कसांड्रा असा नाहीतर अलेक्सिओस. सुरुवातीला नाव विचारलं, रूप विचारलं, पण तुला कोण आवडतं हा रकाना कुठं भरायला लावला नाही. पुढं चालत गेलं की आपलं आपल्याला कळतं, आणि आपल्याबरोबर खेळाला.

मिकोनोस बेटावर दोघं भेटले. एक थालेटास नावाचा स्पार्टाचा अधिकारी, देखणा, सरळ, शब्दाचा पक्का. आणि एक कायरा. बेटावरच्या जुलमी सत्ताधाऱ्याविरुद्ध बंड करणारी, सुरा फेकण्यात तरबेज. दोघांशी बोलताना हृदय येत होतं. मी मनात थालेटासची उंची मापली, नोकरी बघितली, घराणं बरं असावं असं वाटलं. लेकीनं कायराचं हृदय दाबलं.

मी शेंग सोलत राहिले. बोटं चालू होती, दाणे ताटाबाहेर पडत होते.

"चुकून दाबलंस काय गं?"

"नाही."

एवढंच. पुढं कसांड्रा आणि कायरा एकमेकींजवळ गेल्या, पडदा काळा झाला आणि दुसरी सकाळ उगवली. मी उठून भाताचं पाणी बघायला गेले. पाणी कधीच आटलं होतं. जेवणं झालेली होती.

मला त्या रात्री एक जुनी गोष्ट आठवली. ती सातवी-आठवीत असताना माझ्या दिराच्या संगणकावर 'द सिम्स' नावाचा खेळ खेळायची. त्यात माणसं करायची, घर बांधायचं, माणसांना जेवू-झोपू घालायचं. आमच्या वेळच्या भातुकलीसारखंच, फक्त पसारा नाही. तिच्या घरात नेहमी दोन बायका राहायच्या. मी विचारलं होतं, "या बहिणी काय?" ती म्हणाली होती, "हो." मला वाटलं, धाकटीवर जीव आहे म्हणून बहिणी काढते. त्या खेळाची हकिगत तिनं आता प्लास्टर चढवलेल्या अवस्थेत मला सांगितली. बायका बायकांवर, पुरुष पुरुषांवर प्रेम करू शकतील अशी सोय त्यात एका नव्यानं लागलेल्या प्रोग्रामरनं करून ठेवली होती, पॅट्रिक बॅरेट त्याचं नाव. कंपनीनं बेत बदलला होता, पण त्याच्या हाती जुना आराखडा पडला आणि त्यानं त्याप्रमाणं काम केलं. 1999 साली अमेरिकेतल्या मोठ्या प्रदर्शनात खेळ दाखवला, तेव्हा त्यातल्या लग्नसमारंभात दोन बायकांनी कुणी न सांगता एकमेकींचं चुंबन घेतलं, सगळ्या वार्ताहरांसमोर. पुढच्या वर्षी खेळ बाजारात आला तो ती सोय ठेवूनच, आणि लाखो घरांत गेला. आमच्या दिराच्या घरातही.

"म्हणजे त्या बहिणी नव्हत्या?" मी विचारलं.

"आई, तू तेव्हा विचारलंस, मी हो म्हटलं. बारा वर्षांची होते."

तुम्ही म्हणाल, हे काय, पोरींचे खेळ घेऊन बसलीस. मीही स्वतःला तेच म्हटलं. खेळ आहे. मी नाटक बघताना खुनी होत नाही, तशी ही कायराचं हृदय दाबून काही होत नाही. शिवाय सप्टेंबरातच सर्वोच्च न्यायालयानं 377 कलमाचा निकाल दिला होता. दोन सज्ञान माणसांनी आपल्या मर्जीनं केलेलं प्रेम गुन्हा नाही, असं म्हटलं होतं. मी तेव्हा वर्तमानपत्र वाचून "बरं झालं बाई, कशाला कुणाला छळायचं" असं म्हणाले होते. दुसऱ्यांच्या मुलांबद्दल आपण फार उदार असतो.

माझ्या मनात प्रश्न नव्हते असं नाही. पण प्रश्न विचारला की उत्तर येतं, आणि मग त्या उत्तराचं काहीतरी करावं लागतं. म्हणून मी खेळाबद्दल विचारत राहिले. ते सोपं होतं. तिलाही सोपं असावं, कारण ती भरभरून सांगायची. सगळेच खेळ असे निवडू देतात का, असं मी विचारलं. म्हणाली, नाही, बहुतेकांत नायक ठरलेला, त्याची नायिकाही ठरलेली, आपण फक्त पळायचं. काहींत निवड असते. 'ड्रॅगन एज' नावाच्या मालिकेतला 2011 सालचा दुसरा भाग, त्यात तुमच्याबरोबर फिरणाऱ्यांत चार माणसं अशी होती की तुम्ही पुरुष असा की बाई, चौघांपैकी कुणाशीही जमवू शकत होता. मला हे जरा विचित्र वाटलं. मी म्हटलं, म्हणजे त्यांना स्वतःला काही आवडनिवड नाहीच? तुम्ही याल तशी ती? हे म्हणजे बघायला आलेल्या प्रत्येकाला होच म्हणायचं, असं झालं. ती चमकून माझ्याकडं बघायला लागली. म्हणाली, "आई, अगदी याच मुद्द्यावर लोक वर्षानुवर्षं भांडतात."

मग तिनं मला 2014 सालच्या तिसऱ्या भागातल्या डोरियनबद्दल सांगितलं. डोरियन जादूगार, मोठ्या घराण्यातला, विनोदी, नटवा. त्याला पुरुषच आवडतात. तुम्ही बाई होऊन खेळत असाल आणि त्याच्या कितीही मागं लागलात तरी तो तुमचा मित्र होईल, त्यापुढं काही नाही. त्याचं लग्न ठरलेलं असतं, घराण्याला वारस हवा असतो, तो ऐकत नाही. तेव्हा त्याचा बाप रक्ताच्या जादूनं त्याचं मनच बदलायचा घाट घालतो. डोरियन घर सोडून पळतो. पुढं बाप भेटायला येतो, आणि भेटायचं की नाही, ऐकून घ्यायचं की नाही, हे ठरवायच्या वेळी तुम्ही त्याच्याशेजारी उभे असता.

"बाप वाईट आहे काय?" मी विचारलं.

"वाईट नाही. त्याला वाटतं, आपण पोराचं भलंच करतोय."

मला ही डोरियनची तऱ्हा जास्त पटली. आपली निवड आपल्याला मिळावी तशी समोरच्यालाही त्याची मिळावी, आणि खेळ असला तरी कुणीतरी आपल्याला नाही म्हणावं. पण त्या बापाचं काही मला झोपू देईना.

कसांड्राच्या खेळाचा पुढचा भाग वेगळे पैसे भरून घ्यायचा होता, तीन तुकड्यांत. पहिला डिसेंबरात आला होता, दुसरा बरोबर संक्रांतीच्या दिवशी, 15 जानेवारीला. लेक त्याची वाट बघत होती. पहिल्या तुकड्यात दारायस नावाचा एक म्हातारा पारशी योद्धा आणि त्याचा मुलगा नताकास भेटले होते. मुलगा शांत, जरा बुजरा. तुम्ही अलेक्सिओस असाल तर मुलाच्या जागी मुलगी असते, नीमा. मला नताकास आवडला. लेकीनं त्याच्याशी मैत्रीनं बोलून घेतलं, हृदय एकदाही दाबलं नाही.

दुसऱ्या तुकड्याच्या शेवटी तो आणि त्याचा बाप निघून जायला लागतात. खेळ विचारतो, काय म्हणशील? थांब म्हणशील की जाऊ देशील? लेकीनं जाऊ द्यायचं उत्तर निवडलं. मी मनातल्या मनात हळहळले. आणि मग बघते तर काय, तरी ती दोघं थांबलीच! पुढच्या दृश्यात कसांड्रा घरात, शस्त्रं भिंतीला, नताकास शेजारी. मग पाळण्यातलं मूल. कसांड्राच्या चेहऱ्यावर हसू. एल्पिडिओस नाव ठेवलं त्याचं.

आता मी जे लिहिणार आहे ते लिहायला लाज वाटते, पण तेच लिहायचं म्हणून हा लेख लिहायला घेतलाय. मला आनंद झाला. डोळ्यांत पाणी आलं. इतके दिवस रानावनात हिंडणारी, होडीत झोपणारी पोर, अखेर घरी आली, पदरात मूल आलं. मी चक्क म्हणाले, "झालं बाई एकदाचं!"

टीव्हीच्या कोपऱ्यात बक्षिसाची पट्टी झळकली. खेळात काही साधलं की अशी बक्षिसं मिळतात, प्रत्येकाला नाव असतं. या बक्षिसाचं नाव होतं 'ग्रोइंग अप'. मोठं होणं. म्हणजे आता कुठं मोठी झालीस.

लेकीनं रिमोट, म्हणजे ते जे काय असतं ते, गादीवर ठेवलं. फेकलं नाही. ठेवलं. कुबड्या घेतल्या आणि आतल्या खोलीत गेली. जाताना एवढंच म्हणाली, "पन्नास तास विचारत होते मला. पन्नास तास, कोण आवडतं, कोण आवडतं. आणि शेवटी हे."

मी एकटीच त्या पडद्यासमोर. पडद्यावर बाळ हसत होतं.

दुसऱ्या दिवशी आमच्याकडं हळदीकुंकू. वीस-बावीस जणी आल्या. तिळगूळ, वाण म्हणून स्टीलच्या गाळण्या. पोर घरात, तीही कुबड्यांवर, म्हणजे हालता न येणारी. तिला घेरायला याहून चांगली संधी कुठली. "काय गं, अठ्ठावीस झाली ना?" "पायाचं होईल नीट, पण एकदा हातात हात पडला की बघ." एक काकू, आमच्या लांबच्या नात्यातल्या, माझ्याजवळ सरकल्या. सांगलीकडचं स्थळ, मुलगा इंजिनिअर, घरचा ऊस, एकुलता एक. "बायोडाटा दे, आत्ताच फोनवर पाठवते." बायोडाटा तयार होता. मीच केला होता, सहा महिन्यांपूर्वी, तिला न विचारता. वर णमोकार, खाली नाव, जन्मवेळ, उंची, रंग 'निमगोरा', शिक्षण, पगार, पंचम, मामाकुळ, अपेक्षा. अपेक्षांत मी लिहिलं होतं, 'निर्व्यसनी, शाकाहारी, सुशिक्षित, समाजातील'. अपेक्षा माझ्या होत्या. तिचं एक हृदयसुद्धा कुठल्या रकान्याशेजारी नव्हतं.

मी काकूंना म्हटलं, "सध्या नको."

"सध्या म्हणजे? पाय बरा झाल्यावर?"

"मी सांगते तुम्हाला." आणि त्यांच्या हातात आणखी एक तिळाचा लाडू ठेवला. तोंड बंद करायला तिळाच्या लाडवासारखं काही नाही.

त्या रात्री मी तिला विचारलं, कसांड्राला इतकं काय झालं? तिला वाटलं मी चेष्टा करते. मग सांगायला लागली. हा नुसता तिचा राग नव्हता. त्याच आठवड्यात जगभरच्या लोकांनी ओरड केली होती. खेळ करणाऱ्यांनी आधी सांगितलं होतं की तुमचा नायक कुणावर प्रेम करील हे तुम्ही ठरवाल, आणि शेवटी वंश पुढं चालायला हवा म्हणून सगळ्यांना एकाच घरात नेऊन बसवलं. पुरुषांवरच प्रेम करणारा अलेक्सिओस असो, बायकांवरच करणारी कसांड्रा असो, की कुणावरच न करणारं कुणी. त्यांनी माफी मागितली. पुढं त्या बक्षिसाचं नाव बदललं, दृश्यातली लाडीगोडी कमी केली. प्रेम नव्हतं, वंशासाठी केलं, असं म्हणायची सोय करून दिली. मूल मात्र राहिलं. मुलाशिवाय पुढची गोष्ट हालत नव्हती.

मी तिच्याशी वाद घातला, मला वाद घालायला आवडतं. म्हटलं, कादंबरी वाचतो तेव्हा लेखक नायिकेचं लग्न लावून टाकतो, आपण काय पत्र लिहितो काय त्याला? गोष्ट त्याची आहे. ती म्हणाली, "कादंबरीवाला मला विचारत नाही. यांनी विचारलं होतं."

ते माझ्या मनात रुतलं. मला कुणी विचारलं नव्हतं. 1985 साली, एकोणिसाव्या वर्षी, दहा मिनिटं बघणं झालं. लोकांकडं कांदेपोहे असतात, आमच्या घरात कांदा नाही, त्यामुळं नुसते पोहे. मी ताटली ठेवली, वर बघितलं नाही, आणि महिन्यात लग्न. माझे यजमान चांगले निघाले, हा माझ्या पुण्याईचा भाग. पण मला कुणी वचनच दिलं नव्हतं, त्यामुळं मोडण्यासारखं काही नव्हतं. माझ्या मुलींना मात्र आम्ही विचारत आलो. कुठल्या शाळेत जायचं, कुठली शाखा घ्यायची, कुठल्या गावी नोकरी. "तू ठरव" हे वाक्य मी तिला किती वेळा म्हटलं असेल! अभिमानानं म्हटलंय, चार बायकांत म्हटलंय. आणि ते म्हणताना मनात कायम एक मूल होतं, ज्याच्याशिवाय माझी पुढची गोष्ट हालत नव्हती. त्या खेळवाल्यांना मी नावं कशी ठेवू? त्यांनी जे केलं ते मी छापील कागदावर करून कपाटात ठेवलं होतं.

थोरली फेब्रुवारीत परत गेली. मी नेहमीप्रमाणं बस्तीतल्या स्वाध्यायाला जायला लागले. आमच्यात तेव्हा गोम्मटसार चालू होतं. दहाव्या शतकातले नेमिचंद्र आचार्य, श्रवणबेळगोळच्या बाहुबलीची मूर्ती घडवणाऱ्या चामुंडरायाचे गुरू, त्यांचा ग्रंथ. फार रुक्ष, नुसती वर्गवारी. मी कित्येकदा पेंगते. पण त्या दिवशी वेद मार्गणा निघाली आणि माझी झोप उडाली. हे वेद म्हणजे ऋग्वेदातले नव्हेत. वेद म्हणजे ओढ, काम. पुरुषाची ओढ तो स्त्रीवेद, स्त्रीची ओढ तो पुरुषवेद, आणि दोघांची ओढ तो नपुंसकवेद. तिघांना तीन विस्तवांच्या उपमा दिल्यात, गोवरीचा, गवताचा आणि विटांच्या भट्टीचा. हे मी पूर्वीही ऐकलं असणार. पण पुढं असं होतं की शरीराचा वेद वेगळा आणि भावाचा वेगळा. दोन्ही बहुतेक वेळा सारखे असतात, क्वचित सारखे नसतात.

क्वचित सारखे नसतात. हजार वर्षांपूर्वी हे माहीत होतं आणि लिहून ठेवलं होतं, ना आरडाओरडा, ना शिव्याशाप. कर्माचा उदय, बस्स.

मी हुरळून जाऊ नये म्हणून दोन गोष्टी इथंच सांगते. एक, आपलं शास्त्र तिन्ही वेदांना मोहनीय कर्मातच बसवतं. नवव्या गुणस्थानात तिन्ही गळून पडायचे आहेत. त्यांतला कुठलाच पवित्र नाही. म्हणजे माझा चाळीस वर्षांचा संसार, मंगळसूत्र, दोन बाळंतपणं, हळदीकुंकू, तेही त्याच यादीत, त्याच मोहात. एका मोहाला वाजंत्री लावायची आणि दुसऱ्याला तोंड लपवायला सांगायचं, असं शास्त्रात मला कुठं सापडलं नाही. आणि दोन, हा शरीर आणि भाव यांचा भेद आपल्या दिगंबर आचार्यांना विशेष उपयोगी पडला तो बायकांना बाहेर ठेवायला. जुन्या आगमात जिथं मनुष्यिणी वरच्या गुणस्थानांना पोचते असं येतं, तिथं अर्थ लावला तो असा की भावानं स्त्री, शरीरानं पुरुष. स्त्रीच्या देहानं मोक्ष नाही हे ऐकतच आपण सगळ्या मोठ्या झालो. तर ज्या किल्लीनं माझ्यासाठी दार बंद केलं, त्याच किल्लीनं माझ्या मनातलं दुसरं एक दार उघडलं. मी स्वाध्यायात काही बोलले नाही. शेजारच्या काकूंनी विचारलं, "आज जागी कशी?"

मार्चमध्ये खेळाचा तिसरा तुकडा आला. लेकीनं घेतला होता, पैसे आधीच भरले होते, पण खेळली नाही. मी फोनवर विचारलं, त्या बाळाचं काय झालं? "माहीत नाही आणि मला बघायचंही नाही." मग एका रविवारी तिनं मला बरंच काही सांगितलं, तीन तास. मी ऐकलं. पहिल्या तासात मी दोनदा चुकीचं बोलले, तिनं मला दोनदा सुधारलं.

काय सांगितलं ते मी लिहीत नाही. हा लेख लिहायला घेतला तेव्हा तिला विचारलं होतं, खरंच विचारलं, उत्तर मनात न ठेवता. ती म्हणाली, "खेळाचं लिही. माझा राग लिही, चालेल. माझं बाकीचं माझ्याकडं राहू दे." तुमच्यातल्या काही जणी मला बस्तीच्या पायरीवर गाठून विचारतील. त्यांना आत्ताच सांगते, तिळाचे लाडू वर्षभर करून ठेवलेत. 2023 च्या ऑक्टोबरात सर्वोच्च न्यायालयानं लग्नाच्या हक्काला नाही म्हटलं, संसदेकडं बोट दाखवलं. त्या दिवशी मी तिला फोन केला. आम्ही निकालाबद्दल काहीच बोललो नाही. डाळ कशी शिजवायची यावर बोललो, अर्धा तास.

बायोडाटा मी फाडला नाही. मागची बाजू कोरी होती, तिच्यावर धोब्याचा हिशेब लिहिला.

मागच्या दिवाळीत ती आली तेव्हा जुनं प्लेस्टेशन इथंच ठेवून गेली, स्वतःला नवं घेतलंय म्हणून. जाण्याआधी मला शिकवून गेली. नवा खेळ सुरू करून दिला, अगदी पहिल्यापासून. मीही कसांड्राच घेतली. मला अजून घोड्यावर नीट बसता येत नाही, आणि परवा भिंतीवर चढता चढता खाली कोंबड्यांत पडले. केफालोनिया बेट सोडायलाच मला सव्वा महिना लागला. रात्री नऊला तिचा फोन येतो, "कुठं पोचलीस?" मी सांगते, अजून हरणाच्या कातड्याअभावी अडलेय. ती म्हणते, बाजारातून घे. मी म्हणते, पैसे नाहीत, तुझी कसांड्रा श्रीमंत होती. मिकोनोसला मी अजून गेलेले नाही. वाटेत एक-दोनदा हृदयाचं चिन्ह आलं होतं. दोन्ही वेळा मी इतका विचार करत बसले की यजमान बाहेर येऊन म्हणाले, "अगं, झोपणार आहेस की नाही?"